ब्रेकची काळी भुकटी जाते कुठे?

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

गाडीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपण सगळे सायलेन्सरकडे बोट दाखवतो. धूर दिसतो, डोळ्यांत जातो, पीयूसीचं सर्टिफिकेट काढावं लागतं, म्हणून तो लक्षात राहतो. पण त्याच गाडीच्या चाकामागून आणखी एक गोष्ट रोज बाहेर पडते, आणि तिच्यासाठी आपल्याकडे ना सर्टिफिकेट आहे ना पावती. ती म्हणजे ब्रेकची भुकटी. पांढऱ्या कारच्या अलॉय व्हीलवर जो काळपट थर बसतो आणि साध्या पाण्याने निघत नाही, तीच ती. कारवर ती दिसते तरी. ट्रक-बसचं चाक आधीच काळंकुट्ट, त्यामुळे तिथे कुणाचं लक्षच जात नाही.

मी खोपोलीचा. घाटाच्या पायथ्याशी वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. "ब्रेक फेल होऊन कंटेनर उलटला" हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. बोरघाट उतरून येणाऱ्या गाड्यांच्या लायनरचा जळका वास आपल्या इथल्या शेंबड्या पोरालाही ओळखता येतो. पण त्या वासाबरोबर जे उडतं, त्याची बातमी मी कधी वाचली नाही. म्हणून त्या भुकटीचा इतिहास शोधायला लागलो. तो शंभर-सव्वाशे वर्षांचा निघाला आणि त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसली: गाडी थांबवण्याची किंमत दर वेळी अशा माणसाने मोजली, ज्याचं नाव हिशोबात धरलेलंच नव्हतं.

आधी साधं गणित करू. खंडाळा ते खोपोली उंचीतला फरक ढोबळमानाने ५०० मीटर धरा. ४० टन वजनाचा भरलेला ट्रेलर एवढा खाली येतो तेव्हा सुमारे ५४ युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. डोंगरावरून खाली येण्यात ऊर्जा असते, हे खोपोलीकराला शिकवायला नको. टाटांचं वीजघर १९१५ पासून तेच करतंय, वरून येणाऱ्या पाण्यावर. ट्रकच्या बाबतीत त्या ऊर्जेचा काही भाग इंजिन, टायर आणि वारा खातात. उरलेली ब्रेकच्या वाट्याला येते, तिची उष्णता होते, आणि ती होताना लायनर आणि लोखंड दोन्ही झिजतात. नवं लायनर किती जाड असतं आणि काढलेलं किती पातळ होतं ते कुठल्याही गॅरेजात जाऊन बघा. मधला माल कुठे गेला? तो रस्त्यावर, गटारात, झाडांच्या पानांवर आणि आपल्या नाकात गेला.

आता मागे जाऊ.

१८८८ चा ऑगस्ट महिना. जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याने बनवलेली मोटारगाडी घेऊन, दोन मुलांना बसवून, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. मोटारीने एवढा लांबचा प्रवास जगात त्याआधी कुणी केला नव्हता. वाटेत उतार लागले, ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. तिने एका गावात मोची गाठला आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. म्हणजे पहिलं ब्रेक लायनर बसवलं ते एका चपला शिवणाऱ्या कारागिराने.

पुढची गोष्टही चामड्याचीच आहे. इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये डोंगराळ रस्त्यांवर घोडागाडीवाले उतारावर चाकाला जुने बूट लावून गाडी आवरायचे. ते बघून हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाला वाटलं, याहून टिकाऊ काहीतरी करता येईल. १८९७ मध्ये त्याने काम सुरू केलं आणि त्यातून फेरोडो कंपनी उभी राहिली. फ्रूड या आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून त्यात एक अक्षर बायकोच्या नावातलं घातलं की फेरोडो होतं. स्पेअर पार्टच्या दुकानात हे नाव आजही खोक्यावर दिसतं.

आधी सुती कापडाला राळ-डांबरासारख्या गोष्टी पाजून लायनिंग बनायचं. पण मोटारी जड झाल्या, वेगवान झाल्या, आणि कापूस जळायला लागला. १९०८ च्या सुमारास फ्रूडने अ‍ॅस्बेस्टॉस वापरायला घेतलं. खनिज असून धाग्यासारखं विणता येतं, जळत नाही, स्वस्त आहे, घर्षण चांगलं देतं. ब्रेकसाठी याहून चांगलं काय पाहिजे? पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगातल्या बहुतेक गाड्या याच्याच भरवशावर थांबल्या. खोटं कशाला बोला, त्या काळात अ‍ॅस्बेस्टॉसने माणसंही वाचवली. जळणारा ब्रेक म्हणजे दरीत जाणारी गाडी.

पण हिशोबाचं दुसरं पान होतं. इंग्लंडमध्येच रॉचडेल गावात नेली केरशॉ नावाची बाई अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातायच्या कारखान्यात कामाला होती. १९२४ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी ती वारली. विल्यम कूक या डॉक्टरने तिच्या फुप्फुसात अ‍ॅस्बेस्टॉसचे कण दाखवून दिले आणि ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कंपनीने भरपाई नाकारली. ज्या टर्नर घराण्याचा तो कारखाना, त्यांच्याच समूहात पुढे फेरोडो सामील झाली. १९३० मध्ये सरकारी चौकशीचा अहवाल आला आणि १९३१ मध्ये ब्रिटनने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगासाठी नियम केले: धूळ ओढून घेणारे पंखे लावा, कामगारांची तपासणी करा.

इथे थांबून बघा. धूळ पकडायची असते, हे १९३१ मध्ये कायद्याला कळलं होतं. पण ते नियम अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांपुरते. तेच लायनर गाडीत बसून झिजलं आणि गॅरेजात ड्रम उघडला की आतून जी भुकटी निघते, तिच्यासमोर बसलेला मेकॅनिक त्या कायद्यात नव्हता.

तो कायद्यात यायला अर्धं शतक उलटलं. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅगनर आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध दाखवला. खाणकामगारच नव्हे, खाणीच्या आसपास राहणारी माणसंही त्यात सापडली. मग कुठे गॅरेजचा विचार सुरू झाला. १९८६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मेकॅनिकांसाठी पुस्तिका काढली. १९९४ मध्ये तिथल्या कामगार सुरक्षा नियमांत ब्रेक आणि क्लचच्या कामाची पद्धतच घालून दिली.

ती पद्धत ऐकण्यासारखी आहे, कारण ब्रेकची भुकटी पकडण्याचा पहिला खरा बंदोबस्त तोच. दोन मार्ग दिले. एक, चाकाच्या हबभोवती पारदर्शक पेटी बसवायची, तिला हातमोजे जोडलेले, हात त्यातून घालून काम करायचं, आणि बारीक गाळणीचा व्हॅक्यूम आतली हवा ओढत राहणार. दुसरा मार्ग गरिबाचा: खाली ट्रे ठेवायचा, हलक्या दाबाने पाणी आणि साबणासारखं द्रावण सोडून भुकटी ओली करायची, ती ट्रेमध्ये धुऊन काढायची. कंप्रेसरची हवा मारून ब्रेक साफ करायचा नाही, हे त्यामागचं मुख्य सूत्र. आणि प्रत्येक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच समजून काम करायचं, कारण डोळ्यांनी ओळखता येत नाही.

आता आपल्याकडे या. आमच्या हायवेवर एका गॅरेजात मी गेलो होतो. उस्ताद पन्नाशीचे, हाताखाली सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. दहा चाकी ट्रकचा मागचा ड्रम काढला, पोऱ्याने हवेचा पाइप घेतला आणि फुस्सकन हवा मारली. काळा ढग उठला. आम्ही सगळे एक पाऊल मागे सरलो, पोरगा तिथेच, कारण पाइप त्याच्या हातात.

मी म्हटलं, "उस्ताद, हे त्याच्या छातीत जातं की हो."

"जातं ना. आमच्याही गेलंय तीस वर्षं," उस्ताद म्हणाले. "पण साफ तर करायला लागतंच. गाडीवाला उभा आहे, त्याला दोन तासांत निघायचंय."

"पाण्याने केलं तर?"

ते जरा थांबले. "पाण्याने होईल. कुणी सांगितलं नाही कधी."

मंडळी, मला यातलं शेवटचं वाक्य जास्त लागलं. यात मशीन घ्यायचं नव्हतं, अनुदान लागत नव्हतं. एक बादली, एक ट्रे आणि सांगणारा माणूस एवढंच लागत होतं.

आपल्या देशात कायदा काहीच नाही असं नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर मोठा निकाल दिला. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं जपा, विमा काढा, बाधित कामगाराला १ लाख रुपये भरपाई द्या, असे आदेश दिले. पण हजेरीपट असलेल्या कारखान्याला हे लागू करता येतं. झाडाखालच्या गॅरेजातल्या पोराची ४० वर्षांची नोंद ठेवणार कोण? युरोपने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉस पूर्ण बंद केलं. अमेरिकेने १९८९ मध्ये बंदी घातली, १९९१ मध्ये कोर्टात ती बहुतांशी उडाली, आणि उरलेल्या पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा नियम थेट २०२४ मध्ये झाला. त्यात दुकानात सुटे मिळणारे ब्रेक लायनरही होते. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसची आयात आजही होते, मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांसाठी. चांगल्या कंपनीच्या लायनरच्या खोक्यावर "अ‍ॅस्बेस्टॉस-फ्री" लिहिलेलं असतं. बिनखोक्याच्या स्वस्त मालावर काय लिहिलेलं असतं, ते तुम्हीच बघा.

बरं, अ‍ॅस्बेस्टॉस गेलं म्हणजे भुकटी निर्धोक झाली का? नाही. त्याच्या जागी पोलादाचे तंतू, तांबं, ग्रॅफाइट, राळ, वेगवेगळी खनिजं आली. ती झिजून जे कण होतात त्यातले बरेच १० मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज करा. हे कण नाकात अडकत नाहीत, खाली उतरतात. ब्रेक फार तापला की त्याहून कितीतरी बारीक कण निघतात.

आता डिस्क ब्रेककडे येऊ, कारण इथे गोष्ट वळण घेते. डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९०२ मध्येच घेतलं होतं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनोचा ड्रम ब्रेक आला आणि बाजार ड्रमने जिंकला. डिस्कचे दिवस आले ते १९५३ मध्ये, जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर ल माँची २४ तासांची शर्यत मारली तेव्हा. मग कारमध्ये डिस्क आल्या. ट्रकपर्यंत पोचायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. १९९६ मधला मर्सिडीजचा अ‍ॅक्ट्रोस चारी बाजूंनी डिस्क घेऊन आला आणि युरोपातल्या अवजड गाड्यांमध्ये ते हळूहळू रुळलं. आपल्याकडे ट्रकला आजही मुख्यतः ड्रमच, पण लांब पल्ल्याच्या नव्या बसगाड्यांत डिस्क येऊ लागल्यात.

सुरक्षेच्या बाजूने डिस्क चांगली, यात वाद नाही. ती उघडी असल्याने वाऱ्याने गार होते, घाटात तापून "ब्रेक लागेना" व्हायची शक्यता कमी. पण ती उघडी असण्याचाच दुसरा अर्थ असा की भुकटी अडवायला काही नाही. ड्रम म्हणजे डबा. त्यातली बरीच भुकटी आतच साचते, म्हणून ती गॅरेजात मेकॅनिकच्या तोंडावर उडते. डिस्कची भुकटी जागच्या जागी रस्त्यावर जाते. म्हणजे मेकॅनिकचा त्रास काहीसा कमी झाला आणि तो रस्त्याकडेच्या वडापाववाल्याच्या, शाळेत चालत जाणाऱ्या पोरांच्या आणि सिग्नलला उभ्या रिक्षावाल्याच्या वाट्याला आला. जीव वाचवणारी सुधारणाच आहे ती, पण भुकटीचा पत्ता तेवढा बदलला.

किती भुकटी? २०१९ मध्ये ब्रिटन सरकारच्या हवा-तज्ज्ञांच्या गटाने हिशोब मांडला. तिथल्या रस्ते वाहतुकीतून थेट निघणाऱ्या १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांत ७३ टक्के वाटा आता ब्रेक, टायर आणि रस्त्याच्या झिजेचा आहे, आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांत ६० टक्के. धुराचे नियम कडक होत गेले, धूर कमी झाला, आणि ज्याला नियमच नव्हता ते वर आलं. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झालं, धुराच्या बाबतीत मोठी उडी मारली. पण त्यात ब्रेकच्या भुकटीला मर्यादा नाही.

मग गाडीवरच भुकटी पकडता येईल का? येते. जर्मनीच्या मान-हुमेल कंपनीने कॅलिपरला लागून बसणारी पेटी बनवली, आत धातूच्या तंतूंची गाळणी. चाक फिरताना भुकटी ज्या दिशेने बाहेर फेकली जाते, नेमकी तिथे ती बसते. फ्रान्सच्या तालानो कंपनीने पुढची पायरी घेतली. ब्रेक पॅडमध्येच खाचा आणि भोकं ठेवली, त्यांना नळी जोडली, आणि चालकाने ब्रेक दाबला की छोटा पंखा भुकटी ओढून गाळणीत नेतो. पाय उचलला की पंखा बंद. पॅरिसच्या उपनगरी रेल्वेगाडीवरही त्यांनी हे लावून पाहिलं.

व्यापारी गाड्यांसाठी हे काम जास्त अवघड आणि जास्त गरजेचं, दोन्ही आहे. एका ट्रकच्या पॅडमधून कारच्या कितीतरी पट माल झिजतो, म्हणजे गाळणी लवकर भरणार. चाकाच्या आत जागा कमी. डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापते, आणि गार करणारी हवा पेटीने अडवली तर ब्रेकच मंदावेल. घाटात ते चालणार नाही. त्यात चिखल, पाणी, आणि भरलेली गाळणी काढायची कुणी आणि टाकायची कुठे? पण दुसरी बाजूही आहे. ट्रक-बस ठरलेल्या डेपोत येतात, ठरलेल्या दिवशी सर्व्हिसिंग होतं, एका मालकाकडे शंभर गाड्या असतात. लाखो कारमालकांच्या मागे लागण्यापेक्षा एसटीच्या एका डेपोत गाळणी बदलणं सोपं.

कायदा कुठे पोचलाय? २०१० मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांनी ब्रेक पॅडमधलं तांबं कमी करायचे कायदे केले. माणसांसाठी नव्हे, माशांसाठी! पावसाच्या पाण्याबरोबर तांब्याची भुकटी नदीत जाते आणि सॅमन माशाची वास घेण्याची शक्ती बिघडते, हे लक्षात आलं होतं. २०२१ पर्यंत ५ टक्क्यांखाली आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याखाली, अशी मुदत घातली. आपला घाट पावसाळ्यात धुऊन निघतो आणि ते पाणी खाली पाताळगंगेकडे येतं, एवढंच इथे आठवून देतो.

२०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर ब्रेकची भुकटी प्रयोगशाळेत कशी मोजायची याची जागतिक पद्धत ठरली. २०२४ मध्ये युरोपने युरो ७ नियम मंजूर केला आणि जगात पहिल्यांदा ब्रेकच्या कणांना मर्यादा आली: साध्या कारला किलोमीटरमागे ७ मिलीग्रॅम, पूर्ण इलेक्ट्रिक कारला ३. सात मिलीग्रॅम म्हणजे दहा हजार किलोमीटरला ७० ग्रॅम, मूठभर. पण मोजायची ती पद्धत साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहे, आणि अवजड ट्रक-बसच्या ब्रेकची मर्यादा पुढे ठरवायची म्हणून ठेवली आहे. सगळ्यात जास्त भुकटी टाकणारी गाडी पुन्हा रांगेत शेवटी.

आता घरची एक गोष्ट सांगतो, कारण या सगळ्यात आपला घाट युरोपच्या मागे नव्हता. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. चढ ३७ ला १, उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास. उतरताना गाडी सुटली तर आवरायला वर चढणाऱ्या आडवाटा काढल्या होत्या. १९२९-३० च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर वीज आली आणि घाटात मालगाड्यांसाठी विजेची इंजिनं आली. आपल्या लोकांनी त्यांना "खेकडा" नाव ठेवलं. या खेकड्याची खुबी काय होती? गाडी घाट उतरताना त्याच्या मोटारी उलट काम करायच्या, उताराच्या जोरावर वीज बनवून ती वरच्या तारेत परत सोडायच्या. गाडी आवरली जायची ती त्या ओढीने, ब्रेकचे ठोकळे घासून नव्हे. म्हणजे भुकटी पकडायचा प्रश्न उरायचा तो थोडक्यासाठी, बाकीची तयारच व्हायची नाही. शिंग्रोबाच्या डोंगरात ही गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी घडत होती.

आज इलेक्ट्रिक बस नेमकं तेच करते. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १ जून २०२२ ला त्याच मार्गावर एसटीची पहिली इलेक्ट्रिक शिवाई सुरू झाली. चालकाने पाय उचलला की मोटार वीज बनवते, बॅटरीत भरते आणि गाडी आवरते. पॅड कमी घासतात. अर्थात बॅटरीचं वजन टायर जास्त झिजवतं, तेही सांगायला हवं. पण ब्रेकपुरतं बोलायचं तर युरोपने इलेक्ट्रिक कारला मर्यादा निम्म्याहून कमी ठेवली, ती यासाठीच.

आणि डिझेल ट्रक? त्यालाही जुना मंत्र आहे. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा. जुने चालक हे पोरांना शिकवायचे. इंजिन गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त गरजेपुरता. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारा चालक लायनर जाळतो, भुकटी उडवतो, आणि एखाद दिवशी माझ्या बातमीत येतो. घाटातला अपघात आणि हवेतली भुकटी यांवरचा उपाय इथे एकच आहे.

तर इतिहास सांगून झाला, आता मागणी. कारखान्यातली बाई मेल्यावर कारखान्याचा नियम झाला. मेकॅनिकसाठी बाहेरच्या देशांत आणखी पन्नास-साठ वर्षं लागली. आपल्याकडचा मेकॅनिक अजून वाट बघतोय, आणि रस्त्याकडेचा माणूस तर यादीतच नाही. दिल्लीतला नियम यायचा तेव्हा येईल. आपल्या हातात आज काय आहे ते लिहितो.

१. गॅरेजवाल्या भावांनो, ब्रेकवर हवा मारणं बंद करा. खाली ट्रे, वरून साबणाचं पाणी, ओली भुकटी ट्रेमध्ये. ती गटारात न ओतता पिशवीत बांधून ठेवा. पोऱ्याला फडक्याऐवजी चांगला मास्क द्या. त्याचे कामाचे कपडे घरी जाण्याआधी बदलू द्या.

२. ट्रकमालकांनो, बिनखोक्याचं लायनर घेऊ नका. शंभर-दोनशे रुपये वाचतात, पण खोलणाराही माणूसच असतो आणि घाट उतरणाराही.

३. नगरपरिषदेने घाटाच्या पायथ्याचा रस्ता आणि मोठे चौक कोरडे झाडू नयेत. आधी पाणी मारा. सफाई कामगार ती भुकटी दुसऱ्यांदा श्वासात घेतात.

४. एसटीच्या डेपोंनी आणि कामगार संघटनांनी ब्रेकच्या कामाची ओली पद्धत लेखी करून घ्यावी. नव्या इलेक्ट्रिक गाड्या घाटाच्या मार्गांवर आधी द्याव्यात, कारण भुकटी सर्वांत जास्त वाचते ती उतारावर.

५. आमदार-खासदारांनी एक प्रश्न विचारावा: धुराला भारत स्टेज सहा आहे, मग ब्रेकच्या भुकटीला मर्यादा कधी, आणि ती ट्रक-बसपासून सुरू का होऊ नये?

यातलं पहिलं काम उद्या सकाळी सुरू होऊ शकतं. वर ज्या गॅरेजचं सांगितलं, तिथल्या उस्तादांना मी ट्रे आणि फवारणीचा पंप नेऊन देणार आहे. पंप आपला पिकांवर फवारतात तोच, फक्त नवा, औषध न भरलेला. तुमच्या ओळखीच्या एका तरी मेकॅनिकला ही पोस्ट वाचून दाखवा. त्याच्या मोबाइलवर नुसती ढकलू नका, वाचून दाखवा. काम करताना त्याचे हात ग्रीसने भरलेले असतात.